आप्पासाहेबांच्या नावाखालचा शब्द

पडेगाव, मंगळवार

आदरणीय सर्जेरावमामा,

सविनय जय भीम. तुमच्या गुडघ्याची चौकशी शेवटी करते, कारण सध्या मला राग आलेला आहे. आधी घडलेलं, क्रमानं:

१. रविवारी प्रणय आणि त्याचे आईवडील मला पाहायला आले.
२. प्रणयचे वडील आप्पासाहेब पाऊण तास बोलले.
३. तुम्ही त्यांना एक इंग्रजी शब्द म्हणालात.
४. तो त्यांना आवडला.
५. ते तो साखरपुड्याच्या पत्रिकेत छापणार आहेत.

पहिल्या तीन गोष्टींना तुम्ही हजर होतात. तरीही लिहिते, कारण तुमच्या आठवणीत तुमचं कधीच काही चुकलेलं नसतं. आप्पासाहेबांनी आईला पोह्यांत शेंगदाणे जास्त झाल्याचं सांगितलं, मग आपल्या मोरीचा उतार उलटा असल्याचं सांगितलं (तो उलटा नाही, मी पाणी ओतून पाहिलं), आणि मग माझ्या नोकरीकडं वळले. मी वाळूजला इंजिनाचे भाग मोजते. केसाच्या सातव्या हिश्शाएवढा फरक निघाला तरी माल परत जातो. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आप्पासाहेब म्हणाले, "पोरी, लोखंड कानानं तपासायचं असतंय. बोटानं वाजवलं की कळतं. मशीन-बिशीन सगळे कंपनीवाल्यांचे चोचले!" आईनं टेबलाखालून माझा पाय दाबून ठेवला होता, म्हणून मी गप्प राहिले. तुमचा पाय कुणी दाबला नाही, ही आमची चूक.

तुम्ही उठलात, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत पर्यटकांपुढं एकतीस वर्षं उभे राहायचात तसे उभे राहिलात. "आप्पासाहेब, तुम्ही तर अल्ट्राक्रेपिडेरियन आहात!" ते म्हणाले, "व्हय? म्हंजी काय वो?" तुम्ही सवयीप्रमाणं थोडं थांबून म्हणालात, "लॅटिन आहे. अल्ट्रा म्हणजे पलीकडं, क्रेपिडा म्हणजे चप्पल. चपलेच्या पलीकडं पाहणारा माणूस!" आणि चहा मागितलात.

मामा, लेण्यांत तुम्ही कधी असे अर्ध्यात थांबला नाहीत. माणसं उन्हात पार वाळून गेली तरी त्यांना पुरतं ऐकवल्याशिवाय सोडलं नाहीत. इथं नेमकं थांबलात. पुढची गोष्ट मला नववीत तुम्हीच सांगितली होती. एका ग्रीक चित्रकाराच्या चित्रात चपलेचा बंद चुकलाय, असं एका चपला करणाऱ्यानं दाखवलं. चित्रकारानं तो सुधारला. मग तो माणूस चित्रातल्या पायालाही नावं ठेवू लागला, तेव्हा चित्रकार म्हणाला, चपलेच्या वरचं बोलू नकोस. म्हणून हा शब्द: आपल्याला कळत नाही त्या विषयात अक्कल शिकवणारा. तुम्ही शब्दाचं मूळ सांगितलंत आणि अर्थ गिळलात. आमच्या कंपनीत अर्धं माप लिहिलेला कागद फाडून टाकतात.

(हे पहिल्यांदा घडलेलं नाही. 'लेडी' म्हणजे मुळात पीठ मळणारी, हे तुम्ही मला सातवीत सांगितलंत. तेव्हापासून मी कणकेला हात लावलेला नाही, आणि आई त्याचा दोष अजून तुम्हाला देते.)

तुम्ही दोनच्या एसटीनं फर्दापूरला गेलात. त्यानंतर आप्पासाहेबांनी स्थळ पसंत असल्याचा निरोप दिला. निरोपात माझ्याबद्दल एक वाक्य होतं, शब्दाबद्दल चार. काल आणि आज, दोन्ही सकाळी त्यांनी मला शुभेच्छा पाठवल्या आणि खाली नावापुढं तो शब्द लिहिला. शुक्रवारी क्रांती चौकातल्या छापखान्यात तीनशे पत्रिका छापल्या जातील. तीनशे घरांत किमान तीनशे फोन आहेत, आणि अर्थ शोधायला अर्धं मिनिट लागतं. मी आज सांगितलं तर स्थळ आज मोडेल, नाही सांगितलं तर भर साखरपुड्यात. मोडलं तरी मला फरक पडत नाही. पण खोटी माहिती माझ्या नावाच्या कागदावर छापली जाऊ नये.

हे पत्र उद्या आई घेऊन येईल. तुम्हीच आप्पासाहेबांना खरा अर्थ सांगा.

तुमची भाची,
रूपाली

ता. क. गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेलं तेल लावता का?

ता. क. २. वर 'फरक पडत नाही' असं लिहिलंय, ते माप चुकलं. प्रणयनं रविवारीच अर्थ शोधला होता. तो रागावला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की चपलावाला पायाबद्दल जे बोलला ते बरोबर होतं का? ते कुणी तपासलं का? नववीपासून मला ही गोष्ट माहीत आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझा होकार आहे. अजून आईलाही सांगितलेलं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवल्यावर प्रणयचा फोन आला, म्हणून परत उघडलं. आप्पासाहेबांना अर्थ कालच कळलाय. ते म्हणाले, "जन्मभर लोक मला हेच म्हणत आले, इंग्रजीत पहिल्यांदा कुणी म्हणलं. छापा!" त्यांची एकच अट आहे. मुलीचा मामा जन्मभर लेणी दाखवत आला, त्याला लोखंडातलं काय कळतं? तरी मध्ये बोललाच ना? तर हाच शब्द पत्रिकेत त्याच्याही नावाखाली पाहिजे.

तुमची संमती आहे की नाही, ते एका शब्दात, मराठीत, गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा.