दारातलं ऊन

राजनंदिनी,

उठवलं न्हाय. दूध डेअरीला घालून येतो. चहा थर्मासात हाय.

काल पावण्यांसमोर तुला आळशी सून म्हटलं, ते माझं चुकलं. दिवाळी सरली की तू गप होतीस, जेवण टाकतीस आणि संक्रांतीनंतर परत हसाय लागतीस. हे तिसरं वर्ष. सांजचं डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. थंडीत ऊन कमी झालं की काही माणसांना हा आजार होतो म्हणाल्या. सोमवारी तुला घेऊन बोलावलंय.

म्हशीनं एक वेळ वैरण सोडली की मी डॉक्टर बोलावतो. घरातलं माणूस मात्र दिसलं न्हाय मला.

दारातलं सकाळचं ऊन आजवर म्हशीचं हुतं. तिथं तुझी खुर्ची ठेवलीय. म्हैस मागं बांधलीय. वरडली तर वरडू दे.

मामा