पुराच्या डब्यातली बारीक दोरी

बाबा, भर दुकानात तुम्ही माझ्या हातातली दोरी काढून घेतली अन् वरून म्हटलं, "बावळट, गुरं बांधाले घेऊन राह्यली का?" दुकानदार हसला. आणीबाणी उठली ते साल, मी बारा वर्षांची. हिंगणघाटच्या बाजारात उन्हात चालत आलतो, अन् ती जाड निळी नायलॉनची दोरी मीच निवडली होती. तुम्ही घेतली केसासारखी बारीक. मी घरापर्यंत भांडले. पूर आला तर संगं न्यायच्या डब्यासाठी गळाची दोरी घेता, अन् पुराचं पाणी तर चहासारखं. त्यात माशाले जाड काय अन् बारीक काय, दिसते काय? तुम्ही दोरी खिशात टाकून पुढं चालत राह्यले. तुमची ही न सांगायची खोड मले कधीच आवडली नाई, स्पष्ट सांगते.

तो डबाही तुम्ही गोठ्यात आढ्याले टांगला, कारण आई माळकरी. "माझ्या चुलीजवळ गळ नको," म्हणे. तुम्ही म्हणायचे, "बरं बाई, बैलाजवळ ठेवतो, त्याले चालते." आत काडेपेटी, मीठ, गळ अन् ती दोरी, झाकणाले मेण लावलेलं.

तीन वर्षांनी नदी घरात शिरली. आपण सगळे शाळेच्या टेकाडावर. पहिले दोन दिवस वरच्या गावांतून टोपलंटोपलं भाकरी आल्या, कोणी उपाशी राह्यलं नाई. मले वाटलं, डबा फुकटच डोक्यावर वाहून आणला. मग पाणी उतरलं, आपण घरी आलो, अन् भाकरी आणणारेही यायचे थांबले. कणगीतल्या ज्वारीले कोंब फुटून वास येऊन राह्यला होता. नाल्याच्या डोहात पाणी निवळलं, तळाचे गोटे दिसू लागले. शेजाऱ्यानं जाड दोरी टाकली, मासा फिरकला नाई. तुमच्या दोरीले दुपारपर्यंत बोटाएवढे अकरा लागले. तेव्हा मले कळलं, तुम्ही दोरी पुरासाठी नाई, पुरानंतरच्या दिवसांसाठी घेतली होती. आईनं अंगणाबाहेर तीन दगड मांडून फुटक्या गाडग्यात मासे शिजवले. स्वतः मीठ टाकून पाणी प्यायली, पण आम्हा तिघा लेकरांले एकेक काटा काढून देत बसली. आठ दिवस असेच निघाले. तुम्ही "आता पाह्यलं ना?" एवढं तरी म्हणायचं होतं. मी पाया पडले असते. आता तुम्हाले जाऊन पंचवीस वर्षं झाली, तर इथूनच पडते.

माझी लेक नदीकाठच्या गावात दिली, तिचं लेकरू अजून रांगते. तिच्यासाठी डबा भरला. काल दुकानदार जाड दोरीच पुढं करून राह्यला होता, "मावशी, मजबूत आहे." मी म्हटलं, "मजबूत तुझ्या म्हशीले दे," अन् बारीक घेतली. पण गळाले बांधाले बसले तर गाठ सुटते. वीस वेळा बांधली, वीस वेळा सुटली. खरं सांगते बाबा, त्या दिवशी बाजारातून आल्यावर तुम्ही मले गाठ दाखवून राह्यले होते, अन् मी रागानं भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी पाह्यलंच नाई. हे कागदावर लिहिते, कोणाले सांगणार नाई, टपालपेटीतही टाकणार नाई. पण लेक रविवारी सकाळच्या एसटीनं डबा न्यायले येते. शनिवारच्या आत सांगजा, वेढे किती द्यायचे.