कागदात नसलेला प्रसाद

जूचंद्र,
१२ मार्च २००३

प्रिय संजना,

विघ्नेश बरा आहे. अंगावरचे चट्टे गेले, ओठांची सूज उतरली. सकाळी त्याने माझ्या चष्म्याची काडी चावली. ती डॉक्टरांच्या कागदात नाही, पण तिने काही झालं नाही.

तू नोकरीवर परत गेलीस, बाळाला दिवसभर आमच्याकडे ठेवलंस आणि तो कागद आईच्या हाती दिलास. सात महिन्यांच्या पोराला एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही तीन दिवस. काही उठलंच तर कशाने ते कळावं. आईने कागद कपाटाला चिकटवला. तीन दिवस पेज, मग मुगाचं पाणी, कॅलेंडरवर तारखांना गोल. तुझ्या भावाने, धनेशने, केळं पुढे केलं तर अंगावर धावली, "मामा झालास म्हनून काय झालं? मुगाचा दुसरा दिस हाय आज!" मी देवळातून आलो की मलाही बजावायची, "त्याला काय चाटवू नका."

मुगाच्या तिसऱ्या दिवशी चट्टे उठले. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं? आई म्हणाली, मुगाचं पाणी. मूग बंद झाला. तू तिथेच तिला बोललीस, "साधा कागद पाळता येत नाही का गं?" तेव्हापासून तिने चमचा हातात धरलेला नाही. आता बाळाला मी भरवतो, कारण तिच्या मते घरात भरवशाचा माणूस मीच.

खरं सांगतो. मी रोज देवीचा प्रसाद बोटावर घेऊन त्याला चाटवत होतो. नातवाच्या तोंडी आधी देवीचं जावं, एवढाच भाव. कधी खोबरं, कधी पेढा, आणि त्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू. प्रसाद हाही पदार्थ असतो, हे मला सुचलंच नाही. दवाखान्यात सुचलं, पण तोवर तुझा आवाज चढला होता आणि मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचायला घेतला.

फोनशेजारीच आई बसलेली असते, संध्याकाळी तू बाळाला न्यायला येतेस तेव्हाही ती समोरच असते, म्हणून हे पत्र धनेशच्या हाती पाठवतो. डॉक्टरांना आजच सांग. मूग बिचारा निर्दोष असावा. ते सांगेपर्यंत शेंगदाणा बाळाजवळ आणू नकोस. तुझ्या घरी चिक्कीचा डबा असतो, त्याच धास्तीने लिहायला बसलो. आणि आईशी गोड बोल, ती चुकली नव्हती. बाकीचं तिला मीच सांगेन, पण रविवारी, तू जावईबापूंना घेऊन आल्यावर. जावयादेखत ती मला फार बोलत नाही.

तुझाच,
बाबा