पन्नास मिनिटं

१० सप्टेंबर २०१७, रविवार

विमलताईंनी आज सगळ्यांसमोर मला थर्मामीटर म्हटलं.

प्रार्थना ऐन भरात असताना रामीबाई कोसळली. सगळे आवाज चढवून सैतानाला हाकलू लागले. मी उठले, नाडी पाहिली, विचारलं — काय खाल्लं? दोन दिवसांचा कडक उपास! साखरपाणी पाजलं. ती उठून बसली. प्रार्थना मात्र मोडली ती मोडलीच.

"तुह्या हाती देवानं तलवार देली पोरी, अन् तू थर्मामीटर धरून बसली!" विमलताई हसत म्हणाल्या. त्या टोचून बोलत नाहीत. यवतमाळहून दर आठवड्याला एसटीने या तांड्यावर प्रार्थना घ्यायला येतात, आमच्यासाठी रडतात. पण प्रार्थनेचं सगळं शेड हसलं. सगळ्यांत मोठ्याने रामीबाई — माझंच साखरपाणी पिऊन!

मीही हसले. घरी येईपर्यंत कान गरम होते.

१२ सप्टेंबर, मंगळवार

विमलताई शिकवतात — वैरी दिसत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मी तर डोळ्यांवरच पोट भरते. आर्णीच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.

आज आणखी एका फवारणीवाल्याचं रक्त आलं. या आठवड्यातलं तिसरं. कोलिनेस्टरेज खूप खाली — फवारणीचं विष अंगात भिनल्याची खूण. यंदा कापसाची पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागली आहे, फवारलेलं औषध थेट तोंडावर येतं. आकडे लिहिले, दोनदा तपासले. मग प्रार्थना केली — प्रभू, माझं शिक्षण तुझ्या-माझ्यामधली भिंत होऊ देऊ नको.

शनिवारपर्यंत उपास.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

उपासाचा चौथा दिवस. डोकं हलकं. आज कोणाचा राग आला नाही. वाटतं, मलाही लढता येईल.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज लिहिता येत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

जसं घडलं तसं लिहिते. वेळेसकट.

काल संध्याकाळी ५.४०. विमलताई या वेळी शनिवारीच आल्या होत्या, शेडात प्रार्थना सुरू होत होती. हंसाकाकी आणि रामलालकाका सुनीलला उचलून घेऊन आले. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून वर्षाने लहान. सकाळपासून पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वावरात होता. तोंडातून लाळ, सदरा घामाने चिंब, काहीतरी बरळत होता. दंडाचं मांस कातडीखाली फडफडत होतं.

"त्याच्यात घुसला हाय! पाहा कसा थरथरून राह्यला!" रामीबाई ओरडली.

विमलताईंनी हात वर केला. मग त्या माझ्याकडे वळल्या. हे कोणी विसरू नये, मी तर नाहीच — त्यांनी मला विचारलं.

"ममता, तू पाह्य. हे दवाखान्याचं हाय का प्रार्थनेचं?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला, पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. दुसऱ्या डोळ्यातही तेच. उजेड नसता तरी चाललं असतं. लाळ, घाम, फडफड — विषबाधा ओळखायला पाच सेकंद पुष्कळ झाले.

मागे रामीबाई कुजबुजली, "आलं पाहा थर्मामीटर." कोणीतरी फिसकन हसलं.

मी टॉर्च बंद केला. म्हटलं, "प्रार्थना करा."

दोन शब्द. मला माहीत होतं. विश्वास म्हणून बोलले नाही. लाजेपोटी बोलले. मग सगळ्यांत मोठ्या आवाजात प्रार्थनाही केली.

६.३० ला सुनीलचे ओठ निळे पडले. तेव्हाही मी नाही, विमलताईच म्हणाल्या — "बस झालं. गाडी काढा लवकर!"

जीपमध्ये मात्र मी सगळं बरोबर केलं. कुशीवर वळवलं, लाळ पुसत राहिले, अंगावरचा सदरा काढून टाकला, औषधाची बाटली सोबत घ्यायला लावली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून असं आहे?"

"आत्ताच. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील."

मी! जी एका थेंबाचा फरक लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सुनील अजून श्वासाच्या मशीनवर.

२० सप्टेंबर, बुधवार

मशीन काढलं. सुनीलने आईला ओळखलं. वाचला!

देवाचे आभार मानायला गुडघे टेकले. टॉर्च आठवला, तशीच उठले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हंसाकाकी दवाखान्यातून कपडे न्यायला आली ती आधी माझ्या दारात. माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "जीपमंदी तू नसती तं माह्या पोराचं काय झालं असतं वं?"

हात सोडवून घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. चहा केला तिला.

संध्याकाळी विमलताईंचा फोन. "मनाले लावून घेऊ नको. तुह्यासारख्या शिकलेलीले समजलं नाही, तं आमाले कसं समजन?" माझं न समजणं आता सगळ्यांच्या उपयोगी पडतंय. त्याच्या आडोशाला अख्खं शेड सुखाने बसलं आहे. पुढे म्हणाल्या, "रविवारी साक्ष तू दे. सैतान कसा हारला ते सांग. तुहं लोक ऐकतीन."

मी हो म्हटलं. फोनवर हो म्हणणं इतकं सोपं असतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

साक्ष लिहून काढली. दीड पान. एकही वाक्य खोटं नाही — फक्त टॉर्च त्यात नाही. वाचून पाहिली. फार सुंदर झाली आहे. याचीच भीती वाटली.

इतके दिवस मी वैऱ्याला झाडात, अमावास्येत, दुसऱ्यांच्या अंगात शोधत होते. त्या दिवशी शेडात तो होताच. रामीबाई म्हणाली तेही बरोबर — घुसला होता. पण सुनीलच्या अंगात नाही. त्याला आवाज चढवून हाकलायची गरज नव्हती. मी खरं बोलले असते तर तेवढ्याने गेला असता.

कागद फाडला.

२४ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. टॉर्च, बाहुल्या, पन्नास मिनिटं, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. नुसते आकडे वाचावेत तसं बोलले — दुसरं काही जमलं नसतं.

रामीबाई खाली पाहत राहिली. विमलताई म्हणाल्या, "थर्मामीटर मीच म्हटलं होतं तुले." आणि डोळ्याला पदर लावला.

हंसाकाकी मागे बसली होती. उठली. माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सुटका झाल्यासारखं वाटेल अशी कल्पना होती. नाही वाटलं. वाटायला नकोच.

२५ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी दार वाजलं. हंसाकाकी. रामलालकाकाचं मनगट घट्ट धरून ओढत आणलेलं. "काहून ओढून राह्यली वं, मले काय झालं!" तो कुरकुरत होता. कालपासून सुनीलच्या जागी तोच फवारतो आहे.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. पदराखालून टॉर्च काढला आणि माझ्या हातात दिला.

"याचे डोये पाह्य. अन् मोठ्यानं सांग."

बाहुल्या बारीक होत्या. मोठ्याने सांगितलं.