साडेनऊशे वादळांचा घोळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलो आहे). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला आणि राग दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे वर्कशॉप ठीक. कितपत ठीक, ते शेवटी.

तू बजावलं होतंस की जिन्यांच्या कामासाठी त्या ऑफिसात जातोच आहेस, तर माझा मुलगा तिथे नक्की करतो काय आणि महिनाभर घरी फोन का करत नाही, ते बघून ये. बघून आलो. चार लोखंडी पायांवर भर समुद्रात उभा राहणारा जो प्लॅटफॉर्म, ज्याचे जिने माझ्याकडे आहेत, त्याच्यासाठी तुझा चिरंजीव समुद्रापासून बराच लांब, चौथ्या मजल्यावर, बूट काढून बसतो आणि लाटा बनवतो. हसू नकोस, मी आधीच हसून घेतलं. शंभर वर्षांतून एखादी येणारी लाट त्या पायांना किती जोरात धडकेल, आणि वरच्या मजल्याच्या पोटाला लागेल का, हे त्याला आधीच सांगायचं असतं. आता शंभर वर्षं किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायला सवड कुणाला आहे? म्हणून तो कॉम्प्युटरला सांगतो, बाबा रे, पत्ते पिसतात तशा लहानमोठ्या लाटा पीस, कुठलीही कुठल्याहीवर चढू दे, आणि तीन तासांचं एक वादळ वाट. पायांवर किती जोर आला ते लिहून ठेव, पुन्हा पीस. अशी हजार वादळं, आणि मग त्यांतली सगळ्यांत दांडगी लाट कोणती ते बघायचं. मला हे फार आवडलं. मी जन्मभर लोखंड वाकवून बघितलं आणि मग मोजलं; हे पोर पाय ओले न करता समुद्राची परीक्षा घेतं! मी इतके प्रश्न विचारले की शेजारच्या टेबलावरचा माणूस कानात कापूस घालून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुख्य बाई या हजार वादळांवर सही करणार होत्या. सही झाली की लोखंड कापायला घ्यायचं, आणि पुढे त्या मजल्यावर साठ माणसं राहणार. वादळांच्या शेवटच्या काही तुकड्या माझ्यासमोरच चालू होत्या. लाट मजल्याखालच्या धोक्याच्या रेघेला टेकली की यंत्र ‘टिंग’ करायचं. माझे कान तुला ठाऊकच आहेत (लहानपणी जिन्यावरच्या पावलांवरून बाबांचा पारा मीच सांगायचो आणि तू पुस्तक उघडायचीस). आधी दोन टिंग लागोपाठ, मग अख्खा चहा संपेस्तोवर शांतता, मग एक, मग तीन. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. माझं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागलं. मी म्हणालो, “आता तीन वाजतील बघ.” वाजले. भाचा म्हणाला, “मामा, लागला तुक्का!” पुढच्या फेरीत मी आधी दोन सांगितले, मग शांतता सांगितली, मग एक. “अरे, तुझा समुद्र पाठ केल्यासारखा बोलतोय.” या वेळी तो हसला नाही. कीबोर्डवर वाकला आणि त्याचे कान लाल झाले (ते आपल्याकडचे).

घोळ असा की पिसायला सुरुवात करण्यासाठी यंत्राला एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला तर पत्ते तसेच्या तसे पिसले जातात. दुसऱ्या चुका शोधायला सोपं जावं म्हणून याने एक आकडा बसवून ठेवला होता, आणि काढायचा विसरला. काम पन्नास-पन्नास वादळांच्या वीस तुकड्यांत चालायचं, आणि प्रत्येक तुकडी त्याच आकड्यापासून सुरू! म्हणजे हजार वादळं नव्हतीच, तीच पन्नास पुन्हा पुन्हा येऊन जात होती. सगळ्या तुकड्यांचं उत्तर तंतोतंत जुळतंय म्हणून स्वारी वर खूश होती. (माझ्याकडे एकदा सहा जण एकाच तुटक्या पट्टीने मोजत होते. त्यांचंही तंतोतंत जुळलं होतं.)

आकडा काढला, यंत्र पुन्हा सोडलं. आता टिंग कधीही, कसेही. मला एकही ओळखता येईना, आणि संध्याकाळच्या सुमाराला एक लांबलचक भोंगा वाजला. लाट मजल्याच्या पोटाला लागली होती. थोड्या वेळाने आणखी एकदा. पोरगा पांढरा पडला. “मामा, बाई मला ठेवणार नाहीत.” मी म्हटलं, तुला ठेवायचं की नाही ते त्या बघतील, तू आधी त्या साठ जणांना कोरडं ठेव. गेला बिचारा. मी दाराबाहेर उभा होतो (ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं). बाई म्हणाल्या, “हजार सांगितलीस, पन्नास निघाली. साडेनऊशे बाकी. कधी देतोस?” “परवा.” “ठीक. आणि जाताना बघ, दाराबाहेर कुणीतरी श्वास घेतंय.”

परवा म्हणजे परवा त्याने ती दिली. मजला दीड मीटर वर घ्यायचं ठरलं. पोराची नोकरी शाबूत आहे, जेवतोही नीट. काळजी नसावी.

तुझा,
तिखट कानांचा धाकटा

ता. क. – फोनचं राहिलंच. तो बसवलेला आकडा कुठला होता, माहीत आहे? तुमच्या घरचा फोन नंबर. “दुसरा कुठला पाठच नाही,” म्हणाला. तेव्हा रागावू नकोस. त्याने वीसेक वेळा तुझा नंबर लावला, फक्त दर वेळी समुद्राने उचलला.

आणखी एक ता. क. – मजला वर गेला खरा, पण भाच्याच्या पहिल्या नकाशावरून मी घाईने दोन जिने आधीच करून ठेवले होते, ते आता आखूड पडले. त्या दिवशी ऑफिसात तोंड उघडताना हे लक्षात होतं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं सांगतो, तेव्हा मला तीन टिंग ओळखल्याचाच आनंद होता. तर तुमच्या गच्चीला धड जिना नाही ही तुझी जुनी तक्रार. गच्चीची उंची कळव, एक जिना धाडतो. शंभर वर्षांतली लाट सोसेल असा आहे. दाजी रागाने पाय आपटत चढले तरी हलायचा नाही. त्यांना आत्ताच काही बोलू नकोस, गुपचूप मोज. दोनदा मोज, आणि दुसऱ्या वेळी पट्टी बदल.