वायलाराला जाण्याआधी दुसरी बॅटरी

४ मे

दुसरी बॅटरी आली. नेव्हने ती खोक्यातून काढून दोन्ही हातांनी छातीशी धरून गराजमध्ये नेली. आमच्या मुलांना त्याने इतकं जपून कधी उचललं नव्हतं.

मोठ्या गाडीला एक बॅटरी आहे आणि ती चांगली चालते. पण नेव्हचं म्हणणं असं, की रानात मुक्काम केला तर गाडीतला फ्रीज रात्रभर चालणार, त्याने बॅटरी उतरणार, मग सकाळी गाडी सुरू होणार नाही आणि आपण तिथेच राहणार. म्हणून दुसरी. एक फ्रीजसाठी, एक घरी परत यायला.

"म्हणजे आता निघायचं?" मी विचारलं.

"ही बसली की निघायचं."

हेच वाक्य मी जाड टायरांच्या वेळी ऐकलं. छपरावरच्या तंबूच्या वेळी ऐकलं. चिखलातून गाडी ओढून काढायचं ते विंच आलं, तेव्हाही ऐकलं. नेव्ह शाळेतून निवृत्त झाला त्या वर्षी ही गाडी घेतली. तिचा आजवरचा सगळ्यात मोठा प्रवास — आमच्या गावचा, तूवूम्बाचा कचरा डेपो.

७ मे

वायलाराहून मिसेस टूलींचा फोन. बाबांची तिथली जमीन-गुरं-घर सगळं आता त्यांचं आहे. "आमचं नवं घर झालंय. जुनं सप्टेंबरात पाडायचं ठरलंय. तुम्हाला एकदा बघायचं असेल म्हणून म्हटलं."

जुनं घर म्हणजे माझं. मी त्यात जन्मले. आठव्या वर्षी बाबांनी मला टपालाच्या ट्रकमध्ये बसवून कॉन्व्हेंटात धाडलं आणि मग ते घर सुट्टीपुरतं उरलं. मग तेही नाही. मला तिथलं काही आणायचं नाही. एकदा संध्याकाळी त्या व्हरांड्यात बसायचंय, बस्स. मग पडू दे खुशाल.

नेव्हला सांगितलं. "सप्टेंबर ना? वेळ आहे," म्हणाला आणि पाना शोधायला गेला.

१० मे

चूक थोडी माझीही असेल. दर नाताळला मी तीच गोष्ट सांगते — टपालाचा ट्रक वायलाराच्या वाटेवर काळ्या मातीत रुतला, पाऊस थांबेना, आणि आम्ही कुणाच्या तरी नावाने आलेला नाताळचा केक फोडून खाल्ला. नेव्ह दर वेळी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा ऐकतो. मग एक नवी वस्तू मागवतो.

१६ मे

शनिवार. आमच्या गल्लीत बॉनेट उघडं दिसलं की पुरुष बिअर घेऊन येतात आणि आत बघत उभे राहतात. कुणी वारल्यावर अंत्यदर्शनाला उभे राहतात तसे. हात कुणी लावत नाही.

शेजारचा मर्व्ह रेल्वेतून निवृत्त झालाय, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. "मास्तर, इंजिनाशेजारी कशाला बसवतोस? गरमीने मरेल ती. मागे ठेव."

"मागे रोझचं सामान आहे."

"मग रोझला पुढे ठेव आणि सामान घरी ठेव."

"सामानात तुझ्यासाठी केलेले सॉसेज होते मर्व्ह," मी म्हटलं. "तेही घरीच ठेवू का?"

सॉसेज संपले. बॅटरी खोक्यावरच.

२४ मे

बसली! चाचणी म्हणून फ्रीज बिअरने भरून रात्रभर चालू ठेवणार. फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायचं त्याला सुचलं नाही.

२५ मे

बिअर बर्फासारखी. गाडी मेलेली. फ्रीजची वायर नव्या बॅटरीऐवजी जुन्या बॅटरीला जोडली होती. नवी रात्रभर नुसती शेजारी बसून होती.

मर्व्ह कुंपणावरून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको मास्तर. अडकशील तेव्हा घशाला कोरड तरी पडणार नाही."

नेव्ह हसला नाही. मर्व्हच्या याहून वाईट विनोदांवर तो हसत आलाय.

नवल वाटतं. हा माणूस फळ्यावर प्रत्येक नदी वेगळ्या रंगाच्या खडूने काढायचा. मुलं त्याच्या नकाशांना हात लावायला घाबरायची.

३१ मे

चर्चला मी गाडी चालवली — माझी छोटी. नेव्हचा गुडघा दुखतो. हल्ली रविवारी नेमका दुखतो.

११ जून

सकाळी चहा घेऊन गराजमध्ये गेले. नेव्ह बॅटरीवर वाकला होता. हातात जाड लाल वायर, तिचं दुसरं टोक आधीच जुन्या बॅटरीला लावलेलं. तो अंगठ्याने नव्या बॅटरीवर काहीतरी चाचपत होता. मग वायर टेकवली. फाडकन ठिणगी उडाली, जळका वास आला. मी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. चहा सांडला.

"अरे, ते उणं टोक आहे. काळं कडं आहे त्याच्याभोवती. डोळ्यांसमोर तर आहे."

तो टायरवर बसला. बराच वेळ हात पुसत राहिला.

"डोळ्यांसमोरचंच दिसत नाही, रोझ. कडेचं दिसतं. तुझे कान दिसतात. चेहरा नाही."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तंबूच्याही आधीपासून. डॉक्टरने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय."

म्हणजे तंबू, विंच, बॅटरी — सगळं त्यानंतरचं. तयारी चालू होती तोवर किल्ली हातात घ्यायची वेळ येत नव्हती.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे, घरीच बसू. माझ्या डोळ्यांपायी तुझं घर बघायचं राहिलं असतं."

"ते तसंही राहतच होतं की."

"हो," तो म्हणाला. "हे माझ्या लक्षात आलं होतं."

१३ जून

काल तो सांगत गेला, मी जोडत गेले. लाल लालला, काळी काळीला, मधे ती छोटी पेटी — इंजिन बंद झालं की ती दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर इग्नेशियसने मला भरतकाम शिकवलं, फ्रेंच शिकवलं, बिशपसमोर गुडघा किती वाकवायचा ते शिकवलं. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते नाही. नेव्हने माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं.

आज सकाळी फ्रीज थंड, आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू.

"बसली," मी म्हटलं. "आता?"

 मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

२१ जून

मोठी गाडी गल्लीत चालवली. क्लच दाबायला दोन पाय पुरेनात. मर्व्ह म्हणाला, "रोझ, मागे बघ. ते कुंपण माझं आहे." नेव्ह शेजारून शांतपणे गिअर सांगत होता. जुन्या नापास विद्यार्थ्याशी बोलावं तसा.

मिसेस टूलींना फोन करून सांगितलं, येतोय. त्यांनी आधी विचारलं, "ठरलंच का?" मग म्हणाल्या, "या, नक्की या."

२ जुलै, क्विल्पी

रस्ता डांबरी आहे. इथपर्यंत सगळा, आणि पंपावरची बाई म्हणते वायलाराच्या वळणापर्यंतही. माझ्या छोट्या गाडीने आलो असतो! मोटेलच्या खोलीत फ्रीज आहे. आमचा अजून चालू करायची वेळ आली नाही.

नेव्हला म्हटलं, "नकाशे शिकवायचास तू. माहीत नव्हतं तुला?"

"तू चिखलाचं इतकं छान सांगायचीस," म्हणाला. "ती गोष्ट मोडवेना."

३ जुलै, वायलारा

घराजवळच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. फाटक शेजारी बसलेल्याने उघडायचं, चालवणाऱ्याने नाही, हा इकडचा नियम. नेव्ह उतरला आणि साखळी चाचपू लागला. तेवढ्यात मिसेस टूली माझ्या खिडकीशी आल्या. हळूच म्हणाल्या, "पाडणारे लवकर आले हो, जूनच्या सुरुवातीलाच. फोनवर मला सांगवलं नाही."

पुढे नुसती सपाट लाल माती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नेव्हकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्या समजल्या.

नेव्ह येऊन बसला. "आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं.

एका कडेला पाण्याची टाकी होती, दुसऱ्या कडेला पेपरीनाचं झाड. ती दोन्ही त्याला दिसली. मधलं मी सांगितलं.