अप्पांचा डावा गाल

क्युपर्टिनो, १४ ऑक्टोबर १९८६

फळी, चौकट, हाडं जाळून केलेला काळा रंग, सगळं माझ्या हातचं. जुन्या डच चित्रांतली सावली पुस्तकांत बघून बघून शिकलो, गुरू कुणी नाही. आजारी अप्पांचा डावा गाल तसाच अंधारात ठेवला. आज चित्र बघून त्यांचा नितीन वैतागला. "काका, हे हार घालायच्या फोटोसारखं वाटतं. जरा ब्राइट करा, बाबा आहेत अजून."

अप्पा खोकत म्हणाले, "राहू दे रे. त्या बाजूला निघालोच आहे मी."

दमलोय. हा माझा हट्ट, की तो गाल खरंच तसा? तसाच आहे. दारापर्यंत येऊन नितीन हळूच म्हणाला, गाल उजळून द्या, ठरल्यापेक्षा हजार डॉलर जास्त देतो. नाही म्हणालो.